सेतु आणि सीमा : पेंच नदीच्या पाणीवाटपाचा विचार

संस्कृतांतील 'सेतु' हा शब्द मोठा मार्मिक आहे. शेताचा बांध तो सेतु, पाणी अडविणारें धरण तो सेतु, पूल तो सेतु, आणि मर्यादा अथवा सीमा हाही सेतूचाच अर्थ. जोडणें व अडविणें असे दोन्ही व्यापार एकाच शब्दांत आले आहेत. दोन राज्यांतून वाहणाऱ्या नदीवरील धरण ह्यांपैकीं कोणत्या अर्थानें सेतु ठरतें, हा प्रश्न नागपूरकरांस आतां केवळ व्युत्पत्तीचा राहिलेला नाहीं.

पेंच नदी छिंदवाडा जिल्ह्यांत उगम पावते आणि दक्षिणेस वाहत नागपूर जिल्ह्यांत कन्हानेस मिळते. कन्हान वैनगंगेस मिळते. वैनगंगा व वर्धा मिळून प्राणहिता होते, आणि ती सिरोंच्याजवळ गोदावरींत विलीन होते. पेंचेच्या उगमाचा व संगमाचा प्रदेश दीर्घकाळ एकाच अमलाखालीं होता. देवगडचा गोंड राजा बख्तबुलंद यानें अठराव्या शतकाच्या आरंभीं नागपूर वसविलें. तें देवगड आज छिंदवाडा जिल्ह्यांत मोडतें. पुढें भोसल्यांचें राज्य आलें, तें जाऊन इंग्रजांचा अंमल बसला, आणि १८६१ सालीं मध्यप्रांत स्थापन झाला, तरी नदीच्या दोन्ही टोकांचा कारभार नागपुरांतूनच होत असे. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं राज्यपुनर्रचना होऊन विदर्भ मुंबई राज्यांत गेला व छिंदवाडा मध्यप्रदेशांत राहिला. सीमा भाषेप्रमाणें आंखली गेली. पाण्याची वाट मात्र पूर्वींचीच राहिली. नदी एक आणि धनी दोन, अशी स्थिती झाली.

ह्या स्थितीवर प्रथम निघालेला तोडगा समंजसपणाचा होता. सीमेवर तोतलाडोह येथें दोन्ही राज्यांनीं मिळून धरण बांधलें. तेथील वीजगृहाची क्षमता १६० मेगावॉट असून विजेचे दोन भाग मध्यप्रदेशास व एक भाग महाराष्ट्रास मिळतो. धरणांतून सोडलेलें पाणी खालीं नवेगांव खैरी येथें पुन्हां अडवून कालव्यांस, कोराडी व खापरखेडा येथील वीजकेंद्रांस आणि नागपूर शहरास दिलें जातें. शहराच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा भाग येथूनच येतो.

विजेची वांटणी सुखानें चालली ह्याचें कारण उघड आहे. वीज उभयतांच्या डोळ्यांदेखत एका ठिकाणीं निर्माण होते. पाण्याचें तसें नाहीं. वरचा अगोदर घेतो आणि खालच्यास मागाहून कळतें. गोदावरीच्या खोऱ्यासाठीं १९६९ सालीं न्यायमूर्ति बच्छावत यांच्या अध्यक्षतेखालीं लवाद नेमला गेला, आणि राज्यांनीं परस्परांत केलेले करार त्याच्या १९८० च्या निवाड्यांत समाविष्ट झाले. अशा करारांत कोणीं किती पाणी वापरावें ह्याचे आंकडे असतात. परंतु पाऊस आंकड्यांस बांधलेला नसतो. पुढें मध्यप्रदेशानें पेंचेवर वरच्या अंगास चौराई येथें धरण बांधलें. आपल्या वांट्याचें पाणी अडविणें हा त्या राज्याचा हक्कच आहे, आणि छिंदवाड्याच्या शेतकऱ्याची तहान नागपूरकराच्या तहानेहून हलकी नाहीं. तथापि पाऊस ओढ देतो तेव्हां पहिला लोंढा वर अडतो आणि खालील जलाशय रिता राहतो. २०१९ च्या जुलै महिन्यांत तोतलाडोहाचा साठा संपत आल्यामुळें नागपुरांत एक दिवसाआड पाणी देण्याची पाळी आली.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत, धर्मस्थीय नांवाच्या तिसऱ्या अधिकरणांत, हा प्रश्न येऊन गेला आहे. वरच्या अंगास मागाहून बांधलेल्या तळ्यानें खालच्या तळ्यास येणारें पाणी अडवूं नये. खालच्या तळ्याचा वापर तीन वर्षें बंद पडला असल्यास गोष्ट वेगळी, असा तेथील नियम आहे. नियम उत्तम खरा, पण तो अगोदर बांधणाराचीच बाजू राखतो. ज्यास पूर्वीं धरण बांधण्याचें सामर्थ्य नव्हतें, त्यानें नेहमींच मागें राहावें काय?

अर्वाचीन करारांनीं येथें एक पाऊल पुढें टाकलें आहे. भारत व बांगलादेश यांनीं १२ डिसेंबर १९९६ रोजीं गंगेच्या पाण्याविषयीं ३० वर्षांचा करार केला. त्यांत वर्षाचा ठोक आंकडा नाहीं. १ जानेवारी ते ३१ मे ह्या टंचाईच्या काळासाठीं दहा दहा दिवसांचा हिशेब आहे. फरक्का येथें प्रवाह दर सेकंदास ७०,००० घनफूट किंवा त्याहून कमी असल्यास निम्मा निम्मा वांटावा, आणि प्रवाहाची मोजणी उभय देशांच्या माणसांनीं मिळून करावी, असें ठरलें. कावेरी लवादानेंही २००७ च्या निवाड्यांत, तुटीच्या वर्षीं प्रत्येकाचा वांटा त्याच प्रमाणांत कमी व्हावा असें सांगितलें. दोन्ही ठिकाणीं तत्त्व एकच : सुकाळाची वांटणी कोणीही करील, करार करावयाचा तो दुष्काळासाठीं.

पेंचेस नेमकें हेंच लागू करावें असें आम्हांस वाटतें. चौराई व तोतलाडोह येथील साठ्यांची मोजणी उभय राज्यांनीं मिळून करावी, ती लोकांपुढें ठेवावी, आणि तुटीच्या वर्षीं कोणीं किती सोसावें हें पाऊस लांबण्यापूर्वींच लिहून ठेवावें. परकीं राष्ट्रें जें करूं शकलीं, तें एके काळीं एकाच छत्राखालीं नांदलेल्या दोन जिल्ह्यांस अशक्य नसावें. तसें झालें तर चौराईचें धरण हाही जोडणारा सेतूच ठरेल.