बढतीचे पेढे

धाकटा मेहुणा पेढे घेऊन आला. आपल्याच कचेरीत कारकुनाचा हेडक्लार्क झाला होता. पण चेहरा उतरलेला!

"भावोजी, ६ महिने परिवीक्षा. पगाराचं नंतर बघू, म्हणाले साहेब."

"आणि नाही जमलं, तर जुनी खुर्ची?"

तो गप्पच.

केंद्र सरकारच्या नोकरीत बढती मिळताच जुन्या श्रेणीतली एक वेतनवाढ धरून नव्या श्रेणीतला पगार ठरतो. परिवीक्षा संपायची वाट पाहावी लागत नाही. कायम नोकराचा जुन्या जागेवरचा हक्कही तोवर शाबूत असतो. खासगी कचेरीत मात्र बहुधा कागदावर असेल तेवढेच आपले.

मी पडलो व्याकरण शिकवणारा. म्हटले, "'बघू' हा भविष्यकाळ खरा, पण त्याला तारीख नसते. पगार, मुदत, परतीची जागा, तिन्ही लिहून घे. मग पेढे खाऊ!"