उंच घरांचें बाह्यस्नान : आंखणी आणि मोल

आपल्या कुटुंबांतून स्वच्छतेचा विचार बहुधा उंबऱ्याच्या आंत होतो. देवघर, माजघर, ओसरी यांची झाडलोट नित्य घडते. घराची बाहेरील भिंत मात्र पावसाच्या स्वाधीन केलेली असते. वाड्यांच्या काळीं यानें फारसें बिघडत नसे. वाडा फार तर दुमजली, जोतें काळ्या दगडाचें, आणि दिवाळीपूर्वीं चुन्याचा एक हात फिरला कीं भिंती उजळत. चुना दाहक असल्यामुळें शेवाळ व बुरशी यांनाही आळा बसे. आतां त्याच जागांवर भावाभावांनीं मिळून बांधलेल्या तीन-चार मजली सिमेंटच्या इमारती उभ्या आहेत. त्यांना घरची शिडी पुरत नाहीं आणि त्यांच्या रंगावर चुना चालत नाहीं. म्हणून यंत्राच्या दाबानें पाणी सोडून भिंती धुण्याची पद्धत रूढ होऊं लागली आहे. तिची आंखणी कशी करावी व मोल कसें ठरवावें, याचा विचार येथें करूं.

कडेगांवचेंच उदाहरण घ्या. मोहरमांतील गगनचुंबी ताबुतांमुळें या गांवाचा उंचीशीं जुना परिचय आहे. पाणी मात्र येथें सदैव मोजून वापरावें लागलें. टेंभू उपसा योजनेनें कृष्णेचें पाणी तालुक्याच्या शेतांना मिळूं लागलें, तरी काटकसरीची ती संवय सोडण्याजोगी नाहीं. म्हणून यंत्र बोलावण्यापूर्वीं घराला एक सावकाश प्रदक्षिणा घालावी. पावसाळी वाऱ्याकडील पश्चिम बाजूस बहुधा शेवाळ असतें, रस्त्याकडील बाजूस धूळ, आणि उसाचें पाचट पेटविल्यानंतर उडालेली काजळी सज्ज्यांवर बसलेली असते. हे तिन्ही मळ धुतां येतात. पण भिंतीला पांढरा लोणा फुटला असेल, तर तो आंतल्या ओलीबरोबर बाहेर आलेला क्षार होय. पाण्याच्या माऱ्यानें तो जात नाहीं, उलट ओल वाढून पुन्हां फुटतो. तेथें आधीं गळती शोधावी.

यानंतर दाबाचा प्रश्न. गच्चीवरील टाकीचें पाणी दहा मीटर खालच्या नळास येतें, तेव्हां त्याचा दाब सुमारें १ बार असतो. लहानशा घरगुती दाबयंत्राचाही दाब १०० बारांच्या घरांत असतो. उत्तम काँक्रीट हा मारा सोसतें. जुना गिलावा, चुन्याच्या दरजा व सुटूं लागलेला रंग सोसत नाहीं. यंत्राच्या तोंडाला लावावयाच्या चंच्यांना रंगांच्या खुणा असतात. लाल चंचूची धार सरळ व कापणारी, तर पांढरीचा झोत ४० अंशांत पसरणारा. सर्वांत रुंद झोत, सर्वांत कमी दाब आणि पुरेसें अंतर, येथून आरंभ करावा, व तोही सहसा नजरेस न येणाऱ्या कोपऱ्यावर. झोत पावसासारखा वरून खालीं जावा. खालून वर मारल्यास पाणी सांध्यांतून व खिडक्यांच्या चौकटींतून आंत शिरतें. शेवाळ बळानें खरवडण्यापेक्षां ब्लीचिंगच्या सौम्य पाण्यानें आधीं मारावें आणि मग धुवावें. मात्र ब्लीचिंगशीं ॲसिडाचा संपर्क कदापि होऊं देऊं नये. त्यांतून विषारी वायु निघतो. तुळस व फुलझाडें झांकावींत आणि हें पाणी आडांत उतरूं देऊं नये. ताजमहालाचा पिवळेपणा काढण्यासाठीं पुरातत्त्व खात्यानें १९९४ पासून अनेकदां मुलतानी मातीचा लेप वापरला, हें ध्यानांत घेतलें म्हणजे मळ काढणें आणि बळ लावणें या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हें पटेल.

आतां हिशेब पाहूं. समजा, इमारत ४० फूट लांब व ३० फूट रुंद आहे. चार मजले प्रत्येकी १० फुटांचे व वर ३ फुटांचा कठडा. परिमिति १४० फूट, उंची ४३ फूट. क्षेत्रफळ ६,०२० चौरस फूट. खिडक्या वजा करूं नयेत, कारण त्यांच्या कडांना भिंतीपेक्षां अधिक वेळ लागतो. शंभर चौरस फुटांस १५ मिनिटें धरलीं, तर काम सुमारें १५ तासांचें होतें. यंत्र मिनिटास ८ लिटर पाणी घेत असेल, तर ७,२०० लिटर पाणी लागेल. प्रत्यक्ष फवारणी दिवसांतून पांच तास होते असें मानल्यास तीन दिवस. आणि वर एक, यंत्रापाशीं एक व खालीं येणाऱ्याजाणाऱ्यांना अडविण्यास एक अशीं तीन माणसें धरल्यास नऊ दिवसांची मजुरी. परांची बांधण्याचे व सोडण्याचे दिवस वेगळे. या मजुरींत परांचीचें व यंत्राचें भाडें, इंधन, पाणी, विमा आणि मक्तेदाराचा नफा मिळवावा, व बेरजेला ६,०२० नें भागावें. चौरस फुटाचा दर म्हणजे हा भागाकार होय. आपण मात्र भागाकारापासूनच आरंभ करतों आणि "दर काय?" एवढेंच विचारतों.

येथेंच खरा धोका आहे. तळमजल्यावरील एक फूट आणि चौथ्या मजल्यावरील एक फूट हे पाण्याला सारखे असले, तरी माणसाला सारखे नसतात. दोन दरपत्रकांत मोठें अंतर पडलें, तर कमी दराच्या पत्रकांतून काय गळलें तें शोधावें. पाणी व वेळ यांत फारशी काटछांट होत नाहीं. काटछांट होते ती परांचींत, दोरांत आणि विम्यांत. झोत सुटतांच यंत्राची नळी माणसाला मागें रेटते. म्हणून शिडीवर उभें राहून हें काम करूं देऊं नये. दोरावरून काम होणार असेल तर दोर दोन असावेत, एक कामाचा व एक रक्षणाचा, आणि ते दोन निरनिराळ्या भक्कम ठिकाणीं बांधलेले असावेत. विटांचा कठडा किंवा टाकीचा नळ हें भक्कम ठिकाण नव्हे. अंगावरील पट्टा आय. एस. ३५२१ या भारतीय मानकाचा आहे ना, तें पाहावें. जवळून विजेची तार जात असल्यास महावितरणला आधीं कळवावें. कामांत इजा झालेल्या कामगारास मालकानें भरपाई द्यावी, हें तत्त्व आपल्या कायद्यांत १९२३ पासून आहे. पण आपल्या अंगणांत कोणाचा मुलगा पडला, तर मालक मक्तेदार कीं आपण, हा वाद त्याच्या घरीं काय कामाचा? चौरस फुटामागें वांचविलेले दोन रुपये त्या घरचें नुकसान भरून काढीत नाहींत.

खर्चाच्या वाटणीवरून भावाभावांत मन कलुषित होतें, तेंही टाळतां येतें. तळमजल्यावरचा म्हणतो, "माझ्या भिंतीला परांची लागत नाहीं." परंतु वरच्या सज्ज्याचें शेवाळ पागोळ्यांबरोबर खालींच उतरतें, आणि वरची चीर खालच्या खोलींत ओल आणते. महाराष्ट्राच्या १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्यानें मुख्य भिंती सामाईक मानल्या असून सामाईक खर्च ज्याच्या त्याच्या अविभक्त हिश्श्याप्रमाणें वांटावा असें ठरविलें आहे. आपली इमारत त्या कायद्याखालीं नोंदलेली नसली, तरी ही रीत न्याय्य आहे. मजल्यामजल्याचा निराळा दर काढण्यापेक्षां घराची एकच भिंत मानावी.

मुहूर्त परतीचा पाऊस थांबल्यानंतरचा. विहिरींना तेव्हां पाणी असतें, आणि रंग द्यावयाचा असल्यास भिंत वाळण्यास अवधि मिळतो. भर दुपारीं व सुटलेल्या वाऱ्यांत काम थांबवावें. क्षेत्रफळ, दाब, औषध, दिवस, माणसांच्या रक्षणाची साधनें, विमा आणि फुटतुटीची जबाबदारी हीं सारीं कागदावर लिहून घ्यावींत; इसार थोडा द्यावा, व बाकीची रक्कम भिंत वाळल्यावर पाहून चुकती करावी, कारण ओली भिंत सर्वत्र सारखीच दिसते. आणि दरपत्रक हातीं येईल तेव्हां घरांतील कर्त्या माणसानें दराच्या आंकड्याआधीं एक प्रश्न विचारावा : वर चढणारा माणूस खालीं कसा येणार? त्याचें समाधानकारक उत्तर देणाऱ्यासच काम द्यावें.