जांभळा रंग किती उतरला?

एखाद्या औषधी वनस्पतीच्या अर्कात अँटिऑक्सिडंट गुण आढळले, असे शोधनिबंधात येते तेव्हा त्यामागे बहुधा स्पेक्ट्रोफोटोमीटर असतो. द्रावणातून ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश सोडायचा आणि त्यातला किती शोषला गेला ते मोजायचे, हे त्याचे काम. अर्नोल्ड बेकमन यांच्या अमेरिकी कंपनीने १९४१ मध्ये आणलेल्या ‘डीयू’ यंत्राने ही मोजणी सोपी केली. तिच्यावर उभी राहिलेली डीपीपीएच चाचणी मार्सडेन ब्लॉइस यांनी १९५८ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडली. डीपीपीएच हा टिकाऊ मुक्तमूलक (फ्री रॅडिकल). त्याचे अल्कोहोलमधले द्रावण गर्द जांभळे असते. अर्कातल्या फिनॉलवर्गीय रेणूंकडून त्याला हायड्रोजन मिळाला की रंग पिवळा होत जातो. साधारण अर्धा तास अंधारात ठेवून ५१७ नॅनोमीटरवर वाचन घेतात आणि ‘क’ जीवनसत्त्वाशी ताडून पाहतात.

धाराशिव जिल्ह्यातल्या मुरुमच्या श्री माधवराव पाटील महाविद्यालयासारख्या ग्रामीण संस्थांसाठी ही चाचणी मोलाची आहे, असे माझे ठाम मत आहे. खर्च कमी, रसायने मोजकी आणि अभ्यासायला तरवड, अडुळसा, शेवगा आसपासच मिळतात. यावर गंभीर आक्षेप आहे: परीक्षानळीतला रंग उतरला म्हणून माणसाचा आजार उतरत नाही. आक्षेप खरा आहे. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ मध्ये आले. बीटा-कॅरोटीन हे अँटिऑक्सिडंट घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी १८ टक्क्यांनी अधिक आढळला. अमेरिकेच्या कृषी खात्याने पदार्थांच्या अँटिऑक्सिडंट क्षमतेची आपली यादी २०१२ मध्ये मागे घेतली. आपल्या हळदीतले कुरकुमिन परीक्षानळीत चमकते, पण तोंडाने घेतल्यावर रक्तात फारच थोडे पोचते.

पण यातून चाचणी निरुपयोगी ठरत नाही, तिला विचारलेला प्रश्न चुकीचा ठरतो. ‘ही वनस्पती कोणता रोग बरा करते?’ याचे उत्तर तिच्याकडे नाही. ‘सावलीत वाळवलेल्या पाल्यात आणि उन्हात वाळवलेल्या पाल्यात फरक किती? साठवणीत किती गुण गेला?’ याचे उत्तर देण्यात ती मोठी मदत करते. पाला विकणाऱ्याला आणि चूर्ण बनवणाऱ्याला हेच हवे असते. दुष्काळी वर्षातला तरवड आणि भरपूर पावसाच्या वर्षातला तरवड यांचे आकडे मुरुमसारख्या ठिकाणीच सलग घेता येतील. त्यासाठी प्रत्येक नमुन्यासोबत तोडणीचा महिना, जमिनीचा प्रकार आणि वाळवण्याची रीत नोंदवायला हवी, आणि त्याच रोपाची दाबून वाळवलेली फांदी वनस्पतीशास्त्र विभागाच्या संग्रहात जपायला हवी.