अंगातले तण



मोहाची फुले पाण्यात भिजत घातली की दोनतीन दिवसांत वर फेस येतो आणि वास सुटतो. आपल्या वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे. तेव्हा पुढे काय होते ते मी सांगत नाही आणि तुम्हीही विचारू नका! पण तो फेस आणतो कोण, एवढे मात्र विचारण्यासारखे आहे. फुलात गोडवा असतो, भांड्यात ओल आणि ऊब असते. तेथे एक अतिसूक्ष्म जीव ती साखर खाऊन भराभर वाढतो. त्याचे नाव यीस्ट. बेकरीतला पाव फुगतो तो ह्याच्याच कृपेने.

यीस्ट ही बुरशीच्या कुळातली. शिळ्या भाकरीवरची बुरशी धाग्याधाग्यांनी पसरते. यीस्टचा कण बहुधा सुटा असतो. एका मिलिमीटरात असे दोनएकशे कण ओळीने बसावेत, इतका तो बारीक. उसाच्या कांडीला डोळा फुटावा तसा त्याला अंकुर फुटतो, अंकुर मोठा होऊन वेगळा होतो, आणि एकाचे दोन होतात.

आता गंमत अशी, की ह्या यीस्टचे काही भाऊबंद तुमच्या-माझ्या अंगातही बिऱ्हाड करून असतात. तोंडात, आतड्यांत, कातडीच्या घड्यांत, स्त्रियांच्या योनिमार्गात. त्यांतल्या मुख्य जातीला शास्त्रज्ञ ‘कँडिडा’ म्हणतात. क्रिस्टीन बेर्कहाउट ह्या डच विदुषीने १९२३ साली हे नाव रूढ केले. लॅटिन भाषेत त्याचा अर्थ पांढरी. कित्येक निरोगी माणसांच्या अंगात ही कँडिडा जन्मभर राहते आणि काडीचाही त्रास देत नाही. म्हणजे ती अंगात असणे हा रोग नव्हे. ती बेसुमार माजणे हा रोग.

शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. तणाचे बी जमिनीत कायमच असते. कपाशी दाट आणि जोमदार असली की तण दबून राहते. पीक विरळ झाले, वाफसा बिघडला, डवरणी राहिली, की तेच तण डोके वर काढते. आपल्या अंगातले पीक म्हणजे उपकारक जिवाणू. ते आम्ल तयार करतात, जागा अडवून बसतात आणि यीस्टला पसरू देत नाहीत. तेव्हा तण दिसले की नुसते उपटून भागत नाही. ते कशाने माजले हे पाहावे लागते. आजच्या बोलण्याचे सार एवढेच आहे.

माजायला कारणे मुख्यतः चार.

पहिले कारण ओल. श्रावणात निंदणाला जाणाऱ्या बायांच्या पायांच्या बोटांमध्ये चिखल्या होतात. कातडी पांढरी पडते, भेगाळते, आग होते. दिवसभर भिजलेल्या कातडीत यीस्ट, दुसऱ्या बुरश्या आणि जिवाणू मिळून हा उद्योग करतात. जांघेत, काखेत, स्तनांखाली आणि बाळाच्या ओल्या लंगोटाखाली येणारे लालभडक चट्टेही बरेचदा असेच.

दुसरे कारण साखर. येथे एक गैरसमज दूर करू. गुळाचा खडा खाल्ला की अंगात यीस्ट वाढली, असे नाही. पण मधुमेहात रक्तातली साखर बेताबाहेर जाते, ती लघवीत उतरते, आणि शरीराची प्रतिकारशक्तीही मंदावते. मोहाच्या भांड्यासारखीच स्थिती होते म्हणा ना! म्हणून खाज पुन्हा पुन्हा येत असेल तर ती मधुमेहाने पाठवलेली पहिली चिठ्ठी असू शकते. तिशी ओलांडलेल्यांची साखर सरकारी आरोग्यकेंद्रात विनामूल्य तपासतात. उपाशीपोटी ती १२६ किंवा त्याहून अधिक आली आणि फेरतपासणीतही तशीच राहिली, तर तो मधुमेह. अशा वेळी मलम लावत बसणे म्हणजे छप्पर गळत असताना जमीन पुसत राहणे.

तिसरे कारण औषधे. जिवाणू मारणाऱ्या अँटिबायोटिक गोळ्या यीस्टला मारत नाहीत. त्या अंगातले पीक कापतात आणि तणाला मोकळे रान देतात. साध्या सर्दीला ‘जोरदार गोळी द्या’ असा आग्रह आपण धरतो, त्याची किंमत ही अशी द्यावी लागते. गरज असेल तेव्हा ह्या गोळ्या प्राण वाचवतात; तेव्हा डॉक्टरने सांगितल्या तर पुऱ्या घ्याव्यात, न सांगता एकही घेऊ नये. दम्याचा स्टेरॉईडचा पंप घेणाऱ्यांनी दर वेळी चूळ भरावी, म्हणजे तोंडात पांढरे चट्टे धरत नाहीत.

चौथे कारण शरीराची अवस्था. तान्हे मूल, गर्भारपण, म्हातारपण, रात्रीही न काढलेली कवळी, मोठे आजारपण, ह्या साऱ्यांत यीस्टला वाव मिळतो.

आता थोडे संकोचाचे बोलायचे आहे. पण संकोचानेच अधिक नुकसान होते, म्हणून स्पष्ट बोलतो. अंगावरून पांढरे जाणे, ज्याला आपल्याकडे धुपणी म्हणतात, ते दर वेळी रोग नसते. पाळीच्या मधल्या दिवसांत थोडे पातळ पाणी जाणे स्वाभाविक आहे. मात्र दह्याच्या कवडीसारखे घट्ट पांढरे जात असेल आणि जोराची खाज सुटत असेल, तर ते बहुधा यीस्टचे काम. चारांतल्या तीन स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो. त्यात चारित्र्याचा प्रश्न नाही आणि ‘शरीर झिजते’ हेही खरे नाही. पण जे जाते त्याला दुर्गंधी असेल, रंग पिवळा-हिरवा असेल, रक्ताचा अंश असेल, ओटीपोटात दुखत असेल किंवा ताप असेल, तर ते यीस्ट नव्हे. दुसरे काही आहे, आणि त्या दुसऱ्यात गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोगही येतो. ‘बायकांचं असतंच काहीतरी’ म्हणून वर्ष वर्ष अंगावर काढणे म्हणजे बरा होणारा रोग हाताबाहेर जाऊ देणे आहे. घरच्या पुरुषांनीही हे ऐकून ठेवावे; दवाखान्याचे भाडे बहुधा त्यांच्याच खिशात असते.

मग नैसर्गिक उपाय कोणते? ह्या शब्दावर आपल्या जिल्ह्याचा काही हक्क आहे. गांधीजी १९३६ साली शेगावला राहायला आले. पुढे त्याच गावाचे सेवाग्राम झाले. १९४२ साली आगाखान पॅलेसमध्ये बंदिवासात असताना त्यांनी ‘आरोग्याची गुरुकिल्ली’ लिहिली. त्यात माती, पाणी, आकाश, तेज आणि वायू ह्यांच्या अनुषंगाने उपचारांचा विचार आहे. त्यातली प्रत्येक गोष्ट आजच्या वैद्यकाला पटेल असे नाही. पण उपचार म्हणजे बाटलीतली जादू नव्हे, राहणीतली दुरुस्ती होय, हे त्यातले मर्म यीस्टच्या बाबतीत तंतोतंत लागू पडते.

पाहा कसे. वारा: सुती, सैल कपडे घालावेत, घामाने भिजलेले नायलॉन अंगावर वागवू नये. ऊन: आतले कपडे आणि पाळीची फडकी धुऊन उन्हात वाळवावीत. आपल्याकडे ही फडकी लाजेपोटी दुसऱ्या लुगड्याखाली, अंधाऱ्या कोपऱ्यात दडपतात आणि ओलीच पुन्हा वापरतात. यीस्टला ह्याहून मोठी मेजवानी नाही. पाणी: बाहेरून साध्या पाण्याने धुणे पुरे. योनिमार्गात पिचकारी मारू नये, सुवासिक साबण वापरू नये; त्याने उपकारक जिवाणूच धुऊन जातात. शेतातून आल्यावर पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसाव्यात. अन्न: भाकरी, डाळ, पालेभाजी, ताक हे आपले जेवण उत्तम, मधुमेह्याने साखर ताब्यात ठेवावी. एवढे केले तर किरकोळ त्रास कित्येकदा येतच नाही, आणि औषधाने बरा झालेला सहसा उलटत नाही.

पण नैसर्गिक म्हटले की सारेच निर्धोक, असे मात्र समजू नका. तान्ह्या बाळाच्या जिभेवर पांढरे दिसले की टाकणखार मधात कालवून लावण्याची जुनी चाल आहे. टाकणखार बाळाला विषारी ठरू शकतो, आणि वर्षाच्या आतल्या मुलाला मध देणेही धोक्याचे. दुधाची साय सहज पुसली जाते; जे पुसले जात नाही आणि पुसता खालची जागा लाल दिसते, ते डॉक्टरला दाखवावे. तसेच दही किंवा लसणाची पाकळी आत ठेवू नये. आग होते, भाजते. ताक जरूर प्यावे, पण आहार म्हणून. अँटिबायोटिकनंतर उपकारक जिवाणू पोटातून दिल्याने स्त्रियांचा हा त्रास टळतो का, हे ऑस्ट्रेलियात तपासून पाहिले; २००४ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की टळत नाही.

थकवा, विसर, पोटफुगी, सगळ्याचे मूळ ‘अंगात वाढलेली यीस्ट’ असे सांगून महागडे पथ्य आणि चूर्णे विकणारेही आहेत. अमेरिकेत अशीच तक्रार असलेल्या ४२ स्त्रियांना यीस्टचे औषध आणि नुसत्या बनावट गोळ्या, दोन्ही आलटून पालटून देऊन पाहिले. खाजेला औषधाचा गुण आला; थकव्यासारख्या तक्रारी मात्र दोन्हींनी सारख्याच कमी झाल्या. हे १९९० साली प्रसिद्ध झाले. थकवा आहे तर आधी रक्त तपासा. आपल्या बायाबापड्यांत पंडुरोग किती आहे, हे कुणालाही ठाऊक आहे.

आणि औषध म्हणजे निसर्गाशी वैर, असेही नाही. यीस्टवरचे निस्टॅटिन हे औषध १९५० साली एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन ह्या दोघींनी शोधले, ते शेतातल्या मातीत राहणाऱ्या जिवाणूपासून. ॲम्फोटेरिसिन-बी हे दुसरे औषधही मातीतलेच. व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीतले. २०२१ साली करोनानंतर काळ्या बुरशीने माणसे दगावू लागली. ती बुरशी यीस्ट नव्हे, पण मधुमेह आणि स्टेरॉईड ह्याच दोन दारांनी ती आत शिरत होती. तेव्हा हे इंजेक्शन कुठे मिळेना. त्या मे महिन्यात ते वर्ध्याच्या कारखान्यात तयार झाले, आणि बाजारात सात हजारांच्या घरात गेलेली किंमत येथे १,२०० रुपये ठेवली गेली.

दुकानातून परस्पर मलम आणताना मात्र जपा. ‘झटपट खाज थांबवणाऱ्या’ पुष्कळ मलमांत स्टेरॉईड असते. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी खाली पसरत राहते, आणि मग साधे गजकर्णही वर्ष वर्ष हटत नाही. अशी मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून सरकारने २०१८ साली नियम कडक केले. पण नियम पाळवून घेणारे गिऱ्हाईकही हवे.

शिक्षकबंधूंना एक सुचवतो. दोन बाटल्यांत कोमट पाणी आणि चमचाभर बेकरीची यीस्ट घ्या. एकीत दोन चमचे साखर घाला, दुसरीत घालू नका. दोन्हींच्या तोंडांना फुगे बांधा. तासाभरात साखरेच्या बाटलीवरचा फुगा उभा राहील. दोन फुग्यांतला फरक पाहिल्यावर ओल, ऊब आणि साखर ह्यांचा अर्थ मुलांना निराळा सांगावा लागणार नाही. मुलींच्या वर्गाला शिक्षिकाबाईंनी फडकी उन्हात वाळवण्याचेही सांगावे.

शेवटी, दवाखाना केव्हा गाठायचा? त्रास पहिल्यांदाच झाला असेल, वर्षात तीनचारदा उलटला असेल, बाई गर्भार असेल, बाळ दूध ओढत नसेल, किंवा मोठ्या माणसाच्या तोंडात चट्टे येऊन घास गिळताना दुखत असेल, तर थांबू नका. सेवाग्रामात गांधीजींची कुटी आणि १९६९ साली डॉ. सुशीला नायर ह्यांनी सुरू केलेले वैद्यकीय महाविद्यालय एकाच गावात नांदतात. राहणी कुटीतली ठेवावी आणि वेळ आली की पायरी रुग्णालयाची चढावी. ह्या दोन वाटांत भांडण नाही.