शॉक फेकतो की चिकटवतो?

गुम्मिडिपूंडीच्या सिपकॉट औद्योगिक वसाहतीत मेंटेनन्सला असलेल्या एका वाचकाने विचारलं आहे : शॉक लागला की कुणी तारेला चिकटून राहतो, तर कुणी लांब उडतो. असं का?

वीज स्वतः कुणाला ढकलत नाही, धरूनही ठेवत नाही. दोन्ही कामं आपलेच स्नायू करतात. बोटं तारेभोवती वळलेली असली तर मूठ मिटणारे स्नायू ती उघडणाऱ्या स्नायूंपेक्षा जोरकस ठरतात आणि पकड सुटत नाही. मांड्या-पाठीचे मोठे स्नायू एकदम आखडले तर माणूस उडतो.

मूठ किती प्रवाहापर्यंत सोडता येते, हे मोजलं चार्ल्स डॅल्झील यांनी. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या या प्राध्यापकांनी १३४ पुरुष आणि २८ स्त्रिया अशा स्वयंसेवकांच्या हातून प्रवाह सोडला व तो हळूहळू वाढवत नेला. सरासरी मर्यादा निघाली पुरुषांची १६ मिलिअँपिअर, स्त्रियांची १०.५. विद्युत सुरक्षेचे कितीतरी आकडे या लोकांनी सोसलेल्या झटक्यांवर उभे आहेत! पुढे १९६१ मध्ये डॅल्झील यांनीच सुमारे ५ मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारं उपकरण तयार केलं. एडिसन शाळकरी पोरांनाही ठाऊक असतो. डॅल्झील यांचं नाव मात्र आयटीआयच्या वर्गातही क्वचितच निघतं, याची मला खरोखर खंत वाटते.

कारण त्यांचे आकडे हाताशी असले की बोर्डावरची १६ अँपिअरची एमसीबी वेगळी दिसू लागते. हृदयाचा ताल बिघडायला अँपिअरचा दहावा हिस्साही पुरतो; एवढ्याने एमसीबी हलत नाही. ती वायरिंग जळू नये म्हणून असते. माणसासाठी असते आरसीसीबी, आपल्याकडे बहुधा ३० मिलिअँपिअरची. हा आकडा मूठ आवळणाऱ्या प्रवाहाहून मोठा आहे. तरी ती जीव वाचवते, कारण सेकंदाच्या काही शतांशांत लाइन तोडते. पण तेवढ्या वेळात माणूस दचकतोच, आणि पाच-सात मिलिअँपिअरच्या गळतीला ती पडतच नाही.

जमिनीवर असताना असा झटका हात झटकून विसरता येतो. शिडीवर तोल जातो. तीन मीटरवरून खाली यायला पाऊण सेकंद लागतो आणि फरशी गाठताना वेग ताशी २८ किलोमीटरच्या आसपास असतो. मग नोंद होते ‘शिडीवरून पडला’ अशी, आणि फिटिंगमधला उघडा जोड पुढच्या माणसासाठी तसाच राहतो. हे मला सर्वांत धोक्याचं वाटतं.

गुम्मिडिपूंडीला समुद्र आणि पुलिकत सरोवर दोन्ही जवळ. पत्र्याच्या शेडखाली अंग घामाने निथळत असतं. कोरड्या कातडीचा रोध हजारो ओहम असतो. ओल्या अंगाचा हजारभरापर्यंत उतरू शकतो. २३० व्होल्टला त्याने भागलं की २३० मिलिअँपिअर येतात. त्यात शिडी ॲल्युमिनियमची, एक हात तिच्यावर आणि दुसरा फिटिंगवर असेल, तर प्रवाह छातीतून आरपार जातो. पायांतले रबरी बूट त्या वाटेवर येतच नाहीत.

म्हणून या वाचकाला माझं सांगणं : शिडी फायबरग्लासची मागा. आरसीसीबी आहे म्हणून चालू लाइनवर चढू नका. मेन बंद करून स्वतःचं कुलूप लावा, चावी स्वतःच्या खिशात ठेवा. टेस्टर आधी चालू पॉइंटवर पाहा, मग बंद केलेल्या तारेवर, आणि पुन्हा चालू पॉइंटवर; मधल्या वेळात टेस्टरच बिघडला असेल तर तो तिसऱ्या वेळी कळतो.