रक्ताची गुठळी आणि तालुक्याचे अंतर

मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णास आठवड्यातून सहसा तीन वेळा, सुमारे चार-चार तास यंत्राला जोडून रक्त शुद्ध करून घ्यावे लागते. देवरी, सालेकसा वा अर्जुनी मोरगावच्या धान उत्पादकावर हा प्रसंग आला म्हणजे औषधाआधी उभा राहतो तो प्रवासाचा खर्च आणि सोबत्याची बुडालेली मजुरी. गोंदियात सोय झाली तर ठीक. अन्यथा तेथून रेल्वेने सुमारे १३० किलोमीटरवरील नागपूर गाठावयाचे. एवढ्या खटाटोपाचे यश बहुधा एका स्वस्त इंजेक्शनावर अवलंबून असते, ही गोष्ट मात्र क्वचितच ध्यानात घेतली जाते.

नळ्यांच्या व गाळणीच्या परक्या पृष्ठभागास स्पर्श होताच रक्त गोठू लागते. गाळणी तुंबली तर यंत्रातील दीड-दोनशे मिलिलिटर रक्त वाया जाऊ शकते. आणि हे रुग्ण बहुधा आधीच रक्तक्षयाने ग्रासलेले असतात. म्हणून हिपॅरिन द्यावयाचे. १९१६ मध्ये बाल्टिमोर येथे जे मॅक्लीन या विद्यार्थ्याच्या प्रयोगांतून त्याच्या शोधाची वाट खुली झाली. आज ते मुख्यतः डुकराच्या आतड्यांपासून काढले जाते. मात्रा कमी पडली तर गुठळी, अधिक झाली तर रक्तस्राव. नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णास ते टाळून नळ्या वारंवार सलाइनने धुवाव्या लागतात. अतिदक्षता विभागात अहोरात्र चालणाऱ्या डायालिसिसमध्ये सायट्रेट वापरता येते. ते रक्तातील कॅल्शियम बांधून ठेवते. मात्र कॅल्शियमची भरपाई आणि सततची तपासणी त्यासाठी अपरिहार्य ठरते.

हिपॅरिनच्या किमतीवर सरकारी नियंत्रण आहे. परंतु चीनमधून येणारा कच्चा माल महागला तेव्हा, जून २०२० मध्ये, राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाला कमाल किमतीत ५० टक्के वाढ मंजूर करावी लागली. किंमत बांधता येते, पुरवठा बांधता येत नाही, हा अर्थशास्त्रातील जुना धडा येथे पुन्हा गिरवावा लागला. कुपीअभावी लाखमोलाचे यंत्र ठप्प होणे, हा काटकसरीचा नव्हे, अव्यवस्थेचा नमुना होय.

दुसरा मार्ग उदरावरणाच्या डायालिसिसचा. पोटातील आवरणच येथे गाळणीचे काम करते आणि रक्त शरीराबाहेर येत नाही. त्यामुळे गोठणरोधक औषध नियमित लागत नाही. द्रवात तंतुमय गाठी दिसल्या तर तेवढ्यापुरते हिपॅरिन द्रवातच मिसळतात. २०१६ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय डायालिसिस कार्यक्रमात ही पद्धत २०१९ मध्ये समाविष्ट झाली. तिलाही किंमत आहे. द्रवाच्या पिशव्या नियमित घरी पोहोचावयास हव्यात, स्वच्छता काटेकोर हवी. हयगय झाल्यास पोटात जंतुसंसर्ग होतो. तथापि प्रशिक्षित परिचारिका गावी पाठविण्याचा खर्च आणि रुग्णाने वर्षाकाठी दीडशे खेपा करण्याचा खर्च यांची तुलना एकदा प्रामाणिकपणे व्हावयास हवी.

आरोग्यसेवेचा हिशेब किती यंत्रे बसविली यावरून मांडला जातो, तोवर रुग्णाचे हेलपाटे त्या हिशेबात येणार नाहीत. गोंदियाजवळच्या रुग्णासाठी हिपॅरिनचा अखंड साठा, आणि दूरच्या पात्र रुग्णासाठी घरच्या घरी उपचार, अशी विभागणी तालुकावार अंतर पाहून करणे हेच शहाणपणाचे ठरेल. खेप चुकण्याची किंमत रुपयांत नव्हे, प्राणांत मोजावी लागते.