पाळ उरली, पाणकर गेला

पाण्याच्या बाबतीत नागपूर जिल्ह्याचे सरळ दोन तुकडे पडतात. पश्चिमेला काटोल-नरखेडचा संत्र्याचा पट्टा, जिथे बोअर दरवर्षी आणखी खाली न्यावी लागते. पूर्वेला रामटेक, मौदा, कुही ओलांडून भंडाऱ्याकडे निघालं की धानाच्या बांध्या सुरू होतात आणि दर दोन-चार गावांमागे एक मातीची लांब पाळ दिसते. पाळीवर आंबा, मोह, चिंच, पाळीमागे तलाव. यांनाच ‘मामा तलाव’ म्हणतात. मामा म्हणजे माजी मालगुजारी, म्हणजे पूर्वी मालगुजाराच्या, गावचा सारा भरणाऱ्या मालकाच्या, ताब्यात असलेले. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या पाच जिल्ह्यांत मिळून असे साडेसहा हजारांहून अधिक तलाव सरकारदप्तरी आहेत.

वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या मुलखात पाणी साठवायची एवढी हौस कशाला, असं मराठवाड्यातला माणूस विचारील. पण धानाचं गणित वार्षिक सरासरीवर चालत नाही. पाऊस येतो तो चार-सहा जोराच्या झडींत, आणि खालच्या कठीण खडकात तो फारसा मुरत नाही. आषाढात परे टाकले, रोवणी झाली, सगळं हिरवंगार झालं, आणि हस्त नक्षत्र कोरडं गेलं तर गर्भात आलेला भारी धान पोचट होतो. त्या वेळी एक-दोन पाणी हवं असतं. तलाव त्या एक-दोन पाण्यासाठी आहे. बारमाही बागायतीचं आमिष त्यात कधीच नव्हतं.

हे तलाव बांधण्यात नाव निघतं ते कोहळी समाजाचं. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजांनी जंगल तोडून गाव वसवणाऱ्याला गाव आणि तलाव बांधणाऱ्याला त्याखाली भिजणारी जमीन देऊ केली, असं सांगतात. या सवलतीशी राजा हीरशहाचं नाव जोडलं जातं. यातला सर्वांत मोठा नमुना गोंदिया जिल्ह्यातला नवेगावबांध. टेकड्यांमधल्या खिंडी बुजवून अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तो कोलू पाटील कोहळ्याने बांधला. पुढे तोच कोलासूर देव झाला आणि तलावाभोवतीच्या टेकड्या ‘सात बहिणी’ झाल्या. धरण बांधणाऱ्याचा देव व्हावा, हे मला फार योग्य वाटतं. आपण हल्ली फक्त उद्घाटनाची पाटी लावतो.

बांधकाम बघण्यासारखं आहे. जमिनीचा उतार डोळ्यांनी जोखायचा, उताराला आडवी मातीची पाळ घालायची, एका टोकाला जादा पाण्यासाठी सांडवा ठेवायचा. वरच्या तलावाचा सांडवा वाहिला की ते पाणी खालच्या तलावात, तिथून त्याखालच्या. पाणी काढायची जागा म्हणजे तुडूम. जुन्या तुडुमात वरखाली भोकं असत आणि ती लाकडी गुडद्यांनी बंद केलेली. पाणी उतरत जाईल तशी खालची गुडदी काढायची. तलावाखेरीज एकट्या शेतकऱ्याची, आपल्याच शेतापुरती, लहान बोडी असते ती वेगळी.

पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या बुडीत जमिनीवर गाळपेर होई. धान कापणीला यायच्या आधी बांधीतल्या ओलीवर लाखोळी डाळीचं बी फेकलं जाई. तलावात ढिवरांची मासेमारी, कुठे शिंगाडा. एकदा अडवलेल्या पावसावर इतक्या घरांचं भागत असे.

पण पाळीइतकीच महत्त्वाची होती ती मागची व्यवस्था. कुणाच्या बांधीला आधी पाणी, दुरुस्तीला किती माणसं, हे गावात ठरलेलं असे. पाणी सोडायला पाणकर असे. इंग्रजांनी मालगुजारी पद्धत बसवली तेव्हा गावाचे असे रिवाज वाजिब-उल-अर्ज या गावच्या नोंदपत्रात लिहून घेतले. हा काही रामराज्याचा काळ नव्हता. मालगुजार वेठ घेत, आणि पाळीवरची माती बहुतेकदा ज्यांच्या डोक्यावरून गेली त्यांच्या वाट्याला जमीन आली नाही. मालगुजारी गेली ते बरंच झालं.

मालकी हक्क रद्द करणारा 1950चा कायदा झाला तो नागपुरातच, कारण तेव्हा नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं. 31 मार्च 1951 पासून तलाव सरकारचे झाले. लोकांचे निस्ताराचे, म्हणजे घरच्या व गुरांच्या वापराचे, हक्क कागदावर राहिले, पण पाळ फुटली तर टोपली कोण उचलणार हे कुणी ठरवलं नाही. पुढे शंभर हेक्टरपर्यंत सिंचनाचे तलाव जिल्हा परिषदेकडे आणि त्यावरचे पाटबंधारे खात्याकडे गेले. गाळ चढत गेला, काठ अतिक्रमणात गेले, आत बेशरम हे तण माजलं. पाणकर कुठल्याच आस्थापना सूचीत नव्हता, म्हणून तो नुसता संपला.

आता पुन्हा लक्ष वळलं आहे. 2017च्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत पोकलेन आले. गाळ काढायलाच हवा. पण तळ सरसकट खरवडला की माशांना लागणाऱ्या पाणवनस्पतीही ट्रॉलीत जातात. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या कामात ढिवर बायांनी बेशरम उपटून, तळ नांगरून या वनस्पती पुन्हा लावल्या, ती दिशा मला जास्त शहाणपणाची वाटते. दुसरीकडे, राज्यभर शेततळ्यांचं जे पीक आलं आहे त्यातली बरीच प्लास्टिक अंथरून बोअरने भरली जातात. ते पाऊस साठवणं नव्हे. जमिनीखालचं पाणी वर आणून उन्हात ठेवणं आहे.

तेव्हा एक सुचवतो. तलाव दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात माती, मुरूम, डिझेल यांच्या ओळी असतात. तिथे पाणकराच्या मानधनाची एक ओळ घाला, आणि त्याला नेमायचा व काढायचा अधिकार ग्रामसभेला द्या. पोकलेनच्या एका दिवसाच्या भाड्यापुढे ती रक्कम फार मोठी होणार नाही.